ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर रसायनशास्त्राची गणितं: चौकटीत काय भरायचं आणि उत्तर कसं पारखायचं

गावच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर टाकायची आहे. विहिरीचा व्यास १६ फूट, पाणी १० फूट. मोबाईलवर क्लोरिनचा डोस काढणारा कॅल्क्युलेटर उघडला की चार चौकटी दिसतात: व्यास, खोली, लिटरमागे क्लोरिन आणि पावडरीतलं क्लोरिनचं प्रमाण. आकडे भरले, बटण दाबलं, उत्तर आलं १२ किलो. खरं उत्तर आहे साधारण ३५० ग्रॅम.

गुणाकारात कॅल्क्युलेटर कुठेही चुकलेला नाही. चौकटीशेजारी बारीक अक्षरात मीटर लिहिलं होतं आणि भरले गेले फूट. प्रत्येक माप ३.२८ पट फुगलं, म्हणून घनफळ ३५ पट फुगलं आणि पावडरही ३५ पट.

रसायनशास्त्राच्या बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटरांचं असंच आहे. त्यांना आकडेमोड येते. पदार्थ नेमका कोणता, किती शुद्ध, कोणत्या एककात मोजलेला आणि अभिक्रिया कोणती, हे त्यांना आपण सांगतो. चूक होते ती याच चार ठिकाणी. बारावीच्या प्रयोगवहीत झाली तर दोन गुण जातात, शेतात झाली तर खताचे पैसे जातात, पाण्यात झाली तर गावाच्या तब्येतीचा प्रश्न होतो.

विहिरीचं गणित, हातानं

कॅल्क्युलेटरच्या आधी हे एकदा कागदावर करा. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले पाण्याची खोली: १६ × १६ × ०.७८५४ × १० म्हणजे सुमारे २,०११ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे विहिरीत सुमारे ५७ हजार लिटर. लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरिन धरला तर १,१४,००० मिलिग्रॅम, म्हणजे ११४ ग्रॅम. पावडर ताजी, ३३ टक्के क्लोरिनची असेल तर ११४ भागिले ०.३३, म्हणजे ३४५ ग्रॅम.

आता चुका कुठे होतात ते पाहा. काही कॅल्क्युलेटर व्यास मागतात, काही त्रिज्या. त्रिज्येच्या चौकटीत व्यास भरला की उत्तर चौपट येतं. खोली परसावर सांगायची आपल्याकडे सवय आहे, पण परस माणसागणिक बदलतो. दोराला दगड बांधून पाण्याचा थर टेपनं मोजा. आणि मोजायचं ते पाणी, विहीर नव्हे. मे महिन्यात ४० फूट खोल विहिरीत ६ फूट पाणी असतं, तेव्हा ४० भरणाऱ्याचा डोस जवळजवळ सातपट होतो.

पावडरीच्या टक्क्यांची चौकट सर्वांत जास्त फसवते, कारण तिथे ३३ हा आकडा बहुधा आधीच भरलेला असतो आणि कुणी हात लावत नाही. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडून राहिलं की क्लोरिन उडून जातो. तीच पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर ३४५ ऐवजी ५७० ग्रॅम लागेल.

एवढं सगळं बरोबर भरलं तरी पाण्यातला गाळ, शेवाळ, सेंद्रिय घाण किती क्लोरिन खाऊन टाकेल हे कोणत्याही चौकटीत मावत नाही. म्हणून पावडरीची बादलीत पेस्ट करून, पाणी घालून, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडायचं, आणि किमान अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीन टाकून उरलेला क्लोरिन पाहण्याची चाचणी करायची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, उरलेला मोकळा क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा असं म्हटलं आहे. पिवळा रंग आला नाही तर डोस वाढवायचा. कॅल्क्युलेटरनं दिलेला आकडा ही सुरुवात असते. जलसुरक्षकाच्या हातातली ती छोटी काचेची नळी शेवटचा शब्द देते.

टाइप करतानाच होणाऱ्या चुका

मोबाईलचा कीबोर्ड मराठीत असेल तर आकडेही देवनागरी उमटतात. पुष्कळ कॅल्क्युलेटर ते ओळखत नाहीत. चौकट लाल होते, किंवा आकडा गुपचूप शून्य धरला जातो. आकड्यांपुरता कीबोर्ड इंग्रजीत आणा. स्वल्पविरामही टाळा. आपण १,५०० लिहितो, पण युरोपातल्या बऱ्याच देशांत स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, आणि तिकडच्या पद्धतीनं चालणारं साधन त्याचं दीड करू शकतं.

घातांक लिहिताना इंग्रजी ई हे अक्षर वापरतात. १० चा उणे ८ वा घात लिहायचा तर एक, ई, उणे आठ. विद्यार्थी हटकून दहा, ई, उणे आठ लिहितात. ई या अक्षरातच “गुणिले दहाचा घात” आलेला असतो, त्यामुळे हे उत्तर दहापट होतं. पीएचच्या गणितात अशी चूक बरोब्बर १ नं दिसते, आणि १ चा फरक “असेल” म्हणून सोडून दिला जातो.

मूलद्रव्यांची चिन्हं लिहिताना अक्षर लहान की मोठं हे पाळावंच लागतं. सी आणि ओ दोन्ही मोठे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, रेणुवस्तुमान २८.०१. ओ लहान झाला की तो कोबाल्ट, ५८.९३. मोबाईल पहिलं अक्षर आपोआप मोठं आणि पुढची लहान करतो, म्हणून हे वारंवार घडतं.

रेणुवस्तुमान: स्फटिकातलं पाणी विसरू नका

रेणुवस्तुमान काढणारा कॅल्क्युलेटर सर्वांत सोपा. सूत्र लिहा, उत्तर घ्या. पण बाटलीवरचं सूत्र आणि पुस्तकात पाठ केलेलं सूत्र एकच असतं असं नाही.

मोरचूद घ्या. निर्जल कॉपर सल्फेटचं रेणुवस्तुमान १५९.६१. दुकानात मिळणाऱ्या निळ्या खड्यात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे ५ रेणू असतात, त्याचं २४९.६८. म्हणजे खड्याच्या वजनात ३६ टक्के पाणी. निळा रंग दिसला की पाणी आहे असं समजा. निर्जल पूड पांढरी असते.

हे सूत्र टाइप करताना आणखी एक सापळा आहे. ऑक्सिजन ४, मग टिंब, मग ५ पाणी. एखाद्या कॅल्क्युलेटरनं ते टिंब दशांशचिन्ह समजलं तर तो साडेचार ऑक्सिजन आणि एक पाणी असा हिशेब करतो आणि १८५.६ हा आकडा देतो. दिसायला अगदी खरा वाटणारा आकडा! पाण्याचा भाग कंसात लिहून बाहेर ५ द्या, म्हणजे हा घोळ होत नाही. शंका असेल तर पबकेम या अमेरिकी सरकारी, फुकट रसायनकोशात नाव शोधा; तिथे निर्जल आणि पाच पाण्याचं कॉपर सल्फेट अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत.

प्रयोगशाळेत हाच घोळ ऑक्झॅलिक आम्लाचा होतो. बाटलीतलं आम्ल दोन पाण्याचं, रेणुवस्तुमान १२६.०७, निर्जल आम्लाचं ९०.०३. २५० मिलि ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावणाला पहिल्याचे ३.१५ ग्रॅम लागतात, दुसऱ्याचे २.२५. निर्जलचा आकडा घेऊन दोन पाण्याचं आम्ल तोललं तर द्रावण ०.१ ऐवजी ०.०७१ मोलर होतं. पुढे या द्रावणावरून सोडियम हायड्रॉक्साइडची संहती काढायची असते, म्हणजे चूक तिथेही जाते आणि सगळ्या बॅचचे आकडे एकाच प्रमाणात घसरतात. सगळ्यांची उत्तरं जुळतात म्हणून कुणाला संशयही येत नाही.

सोडियम हायड्रॉक्साइडबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कॅल्क्युलेटर म्हणेल, २५० मिलि ०.१ मोलरला १.००० ग्रॅम. पण त्या पांढऱ्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. पावसाळ्यात तर तोलता तोलता ओल्या होतात. तोललेला ग्रॅम पूर्ण सोडियम हायड्रॉक्साइडचा नसतोच. म्हणून द्रावण अंदाजे करायचं आणि अनुमापनानं, म्हणजे संहती माहीत असलेल्या दुसऱ्या द्रावणाशी अभिक्रिया घडवून, त्याची खरी संहती ठरवायची.

जाता जाता: बोर्डाच्या पुस्तकात क्लोरिन ३५.५ आणि कॅल्क्युलेटरमध्ये ३५.४५ असतो. मिठाचं ५८.५ की ५८.४४ हा वाद निरर्थक आहे. परीक्षेत प्रश्नपत्रिकेतले आकडे वापरा.

बाटलीतल्या आम्लापासून द्रावण

संहत सल्फ्युरिक आम्ल वजनानं ९८ टक्के असतं, घनता मिलिलिटरला १.८४ ग्रॅम. एका लिटरचं वजन १,८४० ग्रॅम, त्यातलं शुद्ध आम्ल ९८ टक्के, भागिले ९८.०८, म्हणजे १८.४ मोलर. २५० मिलि १ मोलर द्रावण करायचं तर १ × २५० ÷ १८.४ = १३.६ मिलि.

चूक कशी होते? साधा मोलॅरिटी कॅल्क्युलेटर रेणुवस्तुमान, संहती आणि आकारमान एवढंच विचारतो आणि उत्तर देतो २४.५ ग्रॅम. तो घन पदार्थ गृहीत धरतो. समोर द्रव आहे म्हणून कुणी २४.५ मिलि मोजून घेतलं तर द्रावण १.८ मोलर होतं. द्रव आम्लासाठी टक्के आणि घनता या दोन चौकटी असलेलाच कॅल्क्युलेटर वापरा, आणि त्या बाटलीच्या लेबलावरून भरा. हायड्रोक्लोरिक आम्ल तर ३५ ते ३८ टक्क्यांपर्यंत वेगवेगळं येतं. ३७ टक्के आणि घनता १.१८ धरली तर ते १२ मोलरच्या जवळ जातं.

विरलीकरणाच्या कॅल्क्युलेटरमधलं दुसरं आकारमान हे एकूण आकारमान असतं, घालायचं पाणी नव्हे. आधी १५० मिलि पाणी, त्यात हळूहळू आम्ल, ढवळत राहणं, थंड होऊ देणं, आणि मग फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी. आम्लात पाणी कधीही ओतू नका. उष्णतेनं वरचं पाणी उकळून आम्ल अंगावर उडतं. ही सूचना फार थोड्या कॅल्क्युलेटरांवर असते, म्हणून तिला लेखात जागा द्यावीच लागते. “एकास दहा” हा शब्दप्रयोगही आधी उलगडून घ्या: एक भाग औषध अधिक नऊ भाग पाणी, की अधिक दहा भाग? दोन्ही अर्थांनी लोक तो वापरतात.

अनुमापन: एकास एक नसेल तर

बारावीच्या प्रात्यक्षिकात पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल असतंच. समजा १० मिलि ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्लाला २०.० मिलि परमँगनेट लागलं. ऑनलाइन विरलीकरण कॅल्क्युलेटरमध्ये हे आकडे भरले की परमँगनेटची संहती ०.०५ मोलर येते. बरोबर उत्तर ०.०२ मोलर आहे.

कारण या अभिक्रियेत परमँगनेटचे २ मोल ऑक्झॅलिक आम्लाच्या ५ मोलांबरोबर जातात. एम-एक व्ही-एक बरोबर एम-दोन व्ही-दोन (संहती गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं) हे सूत्र एकच द्रावण पातळ करताना चालतं, किंवा अभिक्रिया एकास एक असेल तेव्हा. इथे ते अडीचपट चुकतं. एक तर मोल प्रमाणाची चौकट असलेला अनुमापन कॅल्क्युलेटर शोधा, किंवा नॉर्मॅलिटीत (मोलॅरिटी गुणिले रेणूमागे देवाणघेवाण होणारे इलेक्ट्रॉन) काम करा: ऑक्झॅलिक आम्ल ०.२ नॉर्मल, गुणिले १० मिलि, भागिले २० मिलि म्हणजे परमँगनेट ०.१ नॉर्मल, आणि आम्लधर्मी माध्यमात ५ इलेक्ट्रॉन म्हणून भागिले ५. हे ५ फक्त आम्लधर्मी माध्यमापुरतं. उदासीन माध्यमात ते ३ होतं, आणि कॅल्क्युलेटरला फ्लास्कमध्ये आम्ल घातलंय की नाही हे कळायला मार्ग नाही.

समीकरण संतुलित करणारे कॅल्क्युलेटर दोन्ही बाजूंचे अणू मोजतात, बाकी काही नाही. परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल हे उदाहरण पाहा. खरं प्रमाण २, ५, ३ आणि बाहेर पडतात ऑक्सिजनचे ५ रेणू. पण २, १, ३ आणि ऑक्सिजनचे ३ रेणू असं लिहिलं तरी सगळे अणू जुळतात! अशी अगणित उत्तरं निघतात. त्यातलं खरं कोणतं हे इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीवरूनच कळतं. आणि जी अभिक्रिया मुळात होतच नाही, तिचंही समीकरण हे साधन आनंदानं संतुलित करून देतं.

खताचा हिशेब: पोत्यावरचा स्फुरद आणि पुस्तकातला फॉस्फरस

मराठवाड्यात सोयाबीन आणि कापसाच्या पेरणीच्या तोंडावर खताचे कॅल्क्युलेटर बरेच उघडले जातात, आणि इथली एक चूक फार महाग पडते.

समजा शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद अशी आहे. आपल्याकडे स्फुरद म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड. डीएपी खताच्या पोत्यावर १८:४६ लिहिलेलं असतं, त्यातले १८ टक्के नत्राचे आणि ४६ स्फुरदाचे. ६० भागिले ०.४६ म्हणजे १३०.४ किलो डीएपी. त्यातून नत्र २३.५ किलो मिळालं, राहिलं ६.५, त्यासाठी ४६ टक्क्यांचा युरिया १४ किलो. एकरी करायचं तर २.४७ नं भागा: डीएपी सुमारे ५३ किलो, म्हणजे पोत्याहून थोडं जास्त, आणि युरिया पावणेसहा किलो.

आता कॅल्क्युलेटर परदेशी असेल आणि त्यातली पी ही चौकट मूळ फॉस्फरसची असेल तर? पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस फक्त ४३.६४ टक्के. ६० किलो मूळ फॉस्फरस म्हणजे १३७.५ किलो पेंटॉक्साइड, म्हणजे हेक्टरी जवळजवळ ३०० किलो डीएपी. एकरी एक पोतं लागायचं तिथे जवळपास अडीच. पालाशचंही तसंच, फक्त फरक कमी: पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियम ८३ टक्के. चौकटीवर ऑक्साइड लिहिलंय की मूलद्रव्य, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जमिनीचं एककही तपासा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. ०.८० म्हणजे ८० आर, म्हणजे जवळजवळ २ एकर. हा ०.८० एकराच्या चौकटीत गेला की निम्म्याहून अधिक शेत उपाशी. पोत्यांची मोजणी करताना युरियाचं पोतं ४५ किलोचं आणि डीएपीचं ५० किलोचं हेही लक्षात असू द्या.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्ताची कमतरता नेहमीची. समजा हेक्टरी ५ किलो जस्त द्यायचं आहे. सात पाण्याचं झिंक सल्फेट खत म्हणून २१ टक्के जस्ताचं असतं, एक पाण्याचं ३३ टक्के. पहिलं २४ किलो लागेल, दुसरं १५ किलो. रेणुवस्तुमानाचा कॅल्क्युलेटर यांचीच टक्केवारी २२.७ आणि ३६.४ दाखवेल. ती शुद्ध पदार्थाची. बाजारातल्या मालासाठी पिशवीवरचा आकडा घ्या.

बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात, तर कॅल्क्युलेटरचं उत्तर मुद्दाम बाजूला ठेवावं लागतं. जालन्याच्या मोसंबीवाल्यांना डिंक्या या झाडातून डिंक गळण्याच्या रोगामुळे हे मिश्रण परिचयाचं. समीकरणाप्रमाणे १ किलो मोरचुदाला सुमारे ३०० ग्रॅम विरलेला चुना पुरेसा आहे. १ टक्का मिश्रणाची रूढ कृती मात्र १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी अशी. चुना शुद्ध नसतो, त्यातला बराच न विरलेला असतो, आणि मोकळं तांबं थोडंसं जरी उरलं तरी पानं करपतात. म्हणून चुना सढळ. तयार मिश्रणात घासलेला विळा थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना वाढवा. तांब्याची जागा लोखंड घेतं म्हणून तो थर बसतो, आणि ही परीक्षा कोणत्याही गणितापेक्षा भरवशाची आहे.

बोअरच्या पाण्याचा कठीणपणा

इथे गणित सोपं आहे. कठीणपणा ईडीटीए या रसायनाच्या अनुमापनानं मोजतात. ५० मिलि पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए १८.६ मिलि लागलं तर १८.६ × १,००० ÷ ५० = ३७२ मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. आयएस १०५०० प्रमाणे २०० पर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. कॅल्क्युलेटरनं २०.८ दाखवलं तर घाबरू नका किंवा खूशही होऊ नका. तो जर्मन अंशात बोलतोय, एक अंश म्हणजे १७.८५ मिलिग्रॅम. आणि प्रयोगशाळेच्या अहवालात कॅल्शियम व मॅग्नेशियम वेगवेगळे दिले असतील तर पहिल्याला २.५ नं, दुसऱ्याला ४.१२ नं गुणून बेरीज करायची. नुसती बेरीज केली की पाणी आहे त्यापेक्षा बरंच मऊ दिसतं.

वायूंची गणितं आणि आपला उन्हाळा

एक मोल वायू म्हणजे २२.४ लिटर, हे ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअरला. १९८२ पासून आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेनं प्रमाण दाब १ बार केला, त्याला २२.७ लिटर. कॅल्क्युलेटर यातलं कोणतंही वापरत असेल. तुमचं उत्तर पुस्तकापेक्षा सव्वा टक्क्यानं वेगळं आलं तर कारण हेच.

तापमान केल्विनमध्ये लागतं. मे महिन्यातल्या ४२ अंशांचे होतात ३१५.१५. नुसते ४२ केल्विनच्या चौकटीत गेले तर वायूचं आकारमान साडेसात पट कमी येतं. बरोबर भरलं तर १ ॲटमॉस्फिअरला २५.९ लिटर.

पण १ ॲटमॉस्फिअर कुठे आहे? छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब साधारण ०.९३ ॲटमॉस्फिअर असतो, आणि तोच एक मोल २७.७ लिटर जागा व्यापतो. हवामानाच्या ॲपवरून दाब घ्यायला जाल तर तिथे बहुधा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला आकडा असतो, १,००० मिलिबारच्या वरचा. प्रयोगात वायू गोळा करून मोजत असाल तर प्रयोगशाळेतल्या दाबमापकाचा आकडा घ्या. पाण्यावर गोळा केलेल्या वायूत पाण्याची वाफही असते, तिचा दाब वजा करावा लागतो, आणि ४२ अंशांना तो ६१ मिलिमीटर पारा एवढा भरतो.

पीएच: सर्वांत मोठी दरी

आधी पुस्तकातलं प्रसिद्ध उदाहरण. हायड्रोक्लोरिक आम्ल १० चा उणे ८ वा घात मोलर. साधा कॅल्क्युलेटर पीएच ८ सांगतो. आम्ल घातल्यावर पाणी अल्कधर्मी होईल का? पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की उत्तर ६.९८ येतं. सौम्य आम्लांसाठी वेगळी चौकट असते, तिथे विघटन स्थिरांक भरावा लागतो, ०.१ मोलर ॲसिटिक आम्लाचा पीएच २.८८, तीव्र आम्लाच्या चौकटीत तोच १.

आता शेतातला प्रश्न. बोअरचं पाणी पीएच ८ चं आहे, फवारणीसाठी ६ वर आणायचं आहे. कॅल्क्युलेटर पीएचमधला फरक बघतो आणि म्हणतो, लिटरमागे एक मायक्रोमोल आम्ल पुरे. तसं शुद्ध पाणी आपल्या बोअरला लागत नाही. बसाल्टच्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. ते आम्ल येईल तसं गिळून टाकतं. आम्ल गिळण्याची ही क्षमता म्हणजे अल्कता. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम असेल तर ८ वरून ६ वर यायला सुमारे ४ मिलिमोल लागतात, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या चार हजारपट. ठिबकच्या नळ्यांतला क्षार काढायला आम्ल सोडतानाही हाच फरक आडवा येतो.

अल्कतेची चौकट असलेला कॅल्क्युलेटर मिळाला तर तो वापरा, पण अहवाल हाताशी नसेल तर बादली घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीत त्याच बोअरचं १० लिटर पाणी मोजून घ्यायचं, छोट्या काट्यावर सायट्रिक आम्ल १० ग्रॅम तोलून ठेवायचं, आणि त्यातलं अर्धा-अर्धा ग्रॅम घालत, ढवळत, दोन मिनिटं थांबून पीएच पट्टी बुडवायची. पट्टी ६ दाखवेल तेव्हा उरलेलं आम्ल परत तोला. ४ ग्रॅम खर्च झाले असतील तर २०० लिटरच्या टाकीला ८० ग्रॅम.